पँटला गोधडीचे टाके

३ फेब्रु. २०१४, सोम.
ह्यांना कामावरून पायाच्या रक्षणाची पँट मिळाली. सालेकशाच्या रस्त्याकडेची झाडं पाडायचं काम चालू आहे. वरून साहेब आला आणि सांगून गेला, ही घातल्याशिवाय चेनसॉला, त्या दातेरी चेनच्या करवतीला, हात लावायचा नाही. बरं झालं. चुलत दीर संतोषची मांडी तसल्याच मशीनने फाडली, दोन वर्षं झाली, अजून त्याला उकिडवं बसता येत नाही. तेव्हापासून हे घरी येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.
दोन प्रकार होते म्हणे. एक नुसतं पुढून झाकणारं, मागे पट्ट्यांनी बांधायचं. दुसरी सबंध पँट. ह्यांनी पँट घेतली. "मी का लहान लेकरू आहो, झबलं घालाले?"

५ फेब्रु., बुध.
कंबर ३८. हे ३०. उंचीला चार इंच जास्त. कोणत्या पहिलवानाच्या मापाने शिवतात देव जाणे. पुढच्या बाजूने मांडीपासून खालपर्यंत आत जाड थर, पांढऱ्या लांब धाग्यांचा.
"एका हातानं पँट धरू, का मशीन धरू?" हे म्हणाले. खाली पाय अडकून परवा पडता पडता वाचले.
अंगणात हातात मुसळ दिलं, झाड पाडताना उभे राहता तसे राहा म्हटलं. वाका. बसा. एक पाय ओंडक्यावर. आसन कुठे ओढतं, गुडघा कुठे धरतो, सगळं खडूने मारून घेतलं. शेजारीण हसत होती. हसू दे.
कंबर मागून आत घेतली, इलॅस्टिक घातलं. खालून चार इंच कापले. दोन्ही पायांचे तुकडे चिंध्यांच्या पिशवीत. मी काही फेकत नाही.

८ फेब्रु., शनि.
फिटिंग एक नंबर, पण आतला थर सरकून गुडघ्यावर गोळा होतो. यात काय मोठं. गोधडीत चिंध्या गोळा होऊ नयेत म्हणून आपण काय करतो? मांडीपासून खालपर्यंत बोटाबोटावर टाके घातले. दोन सुया मोडल्या. पण बसला थर, जागचा हलत नाही.
हे घालून आले आणि म्हणाले, "पँट घातली असं वाटूनच नाई राहिलं." पंधरा वर्षांत माझ्या शिवणाला एवढं कधी म्हटलं नव्हतं.
संध्याकाळी भोजराज. ह्यांच्यासोबत दुसरी मशीन तोच चालवतो. "वयनी, माहीबी तशीच करून द्या." तो उंच, त्याची लांबी बरोबर होती. फक्त टाके घालून दिले.

११ फेब्रु., मंगळ.
गाडीने गोंदियाला. दोरा संपला होता. रंग जुळवायला कापलेला एक तुकडा पर्समध्ये नेला. हेल्मेट-हातमोज्यांच्या दुकानात जाड दोरा मिळेल का, म्हणून विचारलं. दुकानदाराने तुकडा उलटापालटा केला.
"दीदी, इसपे सिलाई तो नहीं मारी ना?"
मी म्हटलं, काऊन? मारली तर काय होते?
त्याने आतला एक धागा ओढला, हातभर आला. "ये खुला रहता है. चेन लगी तो यही खिंचके अंदर लिपटता है, मशीन जाम. सिल दिया तो खिंचेगा कैसे?"
नाही मारली, म्हटलं. खोटं बोलले. दोरा न घेताच बाहेर आले.
ह्यांना फोन लावला, तिथे रेंज नाही. परतीची गाडी दोन तासांनी. फलाटावर बसले आणि तुकडा मुठीत दाबून ठेवला. दोघे सहाला आले. मी तोंड नाही पाहिलं, आधी पाय पाहिले.
सांगितलं नाही.

१२ फेब्रु., बुध.
सकाळी गेले, तीच पँट घालून. मी दारात उभी राहिले आणि तोंड उघडलं नाही. का? माझा टाका कोणी उसवून मागितला नाही आजवर, म्हणून. ह्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय, माझ्या बायकोनं केली, म्हणून. लाज वाटते, पण हेच खरं आहे.
दिवसभर हात चालेना. एका ब्लाऊजला बाही उलटी लावली.
संध्याकाळी सांगून टाकलं. हे हसले. "ते कायबी सांगतेत. टाके घातल्यानं कपडा मजबूत होते, कमजोर कसा होईन?"
मलाही क्षणभर तसंच वाटलं. त्याचीच जास्त भीती वाटली.

१३ फेब्रु., गुरु.
कामावर जायच्या आधी भोजराजला बोलावलं. म्हटलं, दोन तुकडे आहेत, आत्ता पाहू. एकाला माझ्या हाताने तसेच टाके घातले. एक तसाच ठेवला. दोन्ही तारेने ओंडक्यावर बांधले. ह्यांनी मशीन चालू केली.
टाके घातलेला आधी. चेन सरळ आत गेली, लाकडात शिरली, भुसा उडाला. तुकड्याचे दोन भाग. टाके मात्र जसेच्या तसे, एकही उसवला नव्हता.
दुसरा. कापड फाटलं, पांढऱ्या धाग्यांचा झुबका बाहेर आला, मशीन गुरगुरली आणि बंद. लाकडाला साधी चीर नाही. धागे काढायला दोघांना अर्धा तास लागला.
भोजराज घरामागे गेला, खांद्यावरचा दुपट्टा कमरेला गुंडाळून आला, पँट माझ्यासमोर ठेवली. "उसवा वयनी."
ह्यांनी आपलीही तिच्यावर आणून ठेवली.
मग हे रेंजच्या जागी जाऊन साहेबाशी बोलले. साहेब म्हणाला, दुसऱ्या पँटी सोमवारी येतील, पण नक्की नाही. "झबलं असन तरी चालते म्हटलं," हे म्हणाले, खाली बघत. ठेकेदाराकडून दोन दिवस मागून घेतले.

१४ फेब्रु., शुक्र.
दिवसभर उसवलं. ब्लेड नाही लावली, सुईच्या टोकाने एकेक टाका. आत बघितलं. सुईने काही धागे तोडलेत, काही एकमेकांत गुंतलेत. काही ओढले की सुटतात, काही नाही. किती सुटतील, कोण सांगणार?
दुपारी ठेकेदाराचा निरोप. उद्या नाही आले तर मशीनवर दुसरे दोघं.
"कायले जाता? सोमवारपर्यंत थांबा ना."
"मशीन एकडाव दुसऱ्याच्या हाती गेली का मंग वापस नाई भेटत."
भांडलो. मी रडले, मग रागाने परत उसवायला बसले.

१५ फेब्रु., शनि.
उसवलेला थर चेनला धरतो की नाही, एकदा पाहून घ्यावं म्हणून पहाटे चिंध्यांची पिशवी उलटी केली. सगळ्या चिंध्या चाळल्या. तिसरा तुकडा नाही. कुठून असणार, पाय दोनच होते.
भोजराज आठला आला, आपली पँट घालून निघाला. मला म्हणाला, "येतो वयनी." रोज म्हणतो तसंच.
ह्यांनी अंगणात दोनदा बसून-उठून पाहिलं. मी समोर बसून मांडीवरचा थर दोन्ही हातांनी सारखा केला, गुडघ्यावरचा सारखा केला. पुन्हा गोळा होईल.
फाटकातून मागे वळून म्हणाले, "फिटिंग मातर एक नंबर हाये."
सोमवार परवा.