पापडीच्या शिरा

शनिवार, संध्याकाळ

डभोईच्या शेतावरची आठवड्याची पेटी आज आली. वांगी, हिरवी लसूण आणि ढीगभर पापडी. "बेन, पापडी एकदम कूणी छे," असं पेटीवाला सांगून गेला. कितीही कोवळी असली तरी शिरा काढाव्याच लागतात, आणि ते काम लग्नापासून ह्यांचं. मला हात लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, तू अर्ध्या शिरा तशाच ठेवतेस.

म्हणून आजही पुढ्यात पेपर पसरला, पातेलं दिलं आणि मी वांगी चिरायला गेले. हे अगदी मन लावून बसले होते. डोक्यातून माणसांची नावं गेली, पण हातातलं काम काही जात नाही, असं वाटलं मला. वेडीच मी.

पातेल्यात शिरा होत्या. नुसत्या शिरा, नीट जुळवून ठेवलेल्या. आणि पापडी कचऱ्याच्या डब्यात, चहाच्या चोथ्यावर.

"झाली बघ," म्हणाले. मी म्हटलं, छान झाली.

ते टीव्हीपुढे गेल्यावर डब्यातली पापडी काढली, पुन्हा पुन्हा धुतली, ओवा-लसूण घालून वांग्याबरोबर फोडणीला टाकली. जेवताना म्हणाले, "एकही शीर लागली नाही." खरंच नव्हती. मुलीचा फोन आला, तिला मी तेवढंच सांगितलं.

पेटीवाल्याला म्हणावं का, पापडी नको, कोबी देत जा? कोबी काय, चिरला की झालं. पण मग ह्यांच्या हातात काय देऊ?