तोंडावर रुमाल, खाली काशका

४ सप्टेंबर १९७२, सकाळ
आजपासून रोज लिहिणार.
उन्हाळ्यात नारीन नदीकाठी सिनेमाचं शूटिंग झालं. डाकूंच्या टोळीत मी! तोंडावर काळा रुमाल, हातात तलवार. गावात अवाक्षर काढलेलं नाही. कारण काशका. असाकनकाकांचा हा लाडका घोडा मी न विचारता नेला आणि सिनेमावाल्यांना देऊन लाल बूट घेतले. काकांना सांगितलं, लांडग्यांनी खाल्ला. लांडगे नाहीतरी बदनामच आहेत.

१९ सप्टेंबर
मधले दिवस विचारात गेले. काका म्हणाले, रडू नकोस लेका, काशकाचं शिंगरू तुला. सात ऑक्टोबरला सगळ्यांसमोर त्याचा दोर हातात देणार.
रडत नव्हतो. सर्दी होती.

२ ऑक्टोबर
फिरता सिनेमा येतोय. आमचाच! शहरात म्हणे तिकिटाला मारामारी. मुक्काम सहा तारखेला. घाबरलेलो नाही. रुमाल डोळ्यांपर्यंत होता. सख्खी आई ओळखणार नाही.
ठराव: शिंगरू मिळेपर्यंत तोंड बंद.

६ ऑक्टोबर, संध्याकाळी ५
गावच्या क्लबात सिनेमाला निघालो. लाल बूट मुद्दाम घरी ठेवले. इतका पुढचा विचार कोण करतं?

७ ऑक्टोबर
काल पडद्यावर नायकाचं खोगीर चुकीचं कसलेलं, म्हणून म्हाताऱ्यांनी सुरुवातीलाच त्याला निकालात काढला. मग आम्ही डाकू आलो. रुमाल झकास दिसत होता. इतक्यात काका ओरडले, थांबवा, हा आपला काशका! अख्खा क्लब उभा. तोच कपाळावरचा पट्टा, तोच फाटका डावा कान. आमच्याकडे माणसं एकवेळ माणूस विसरतील, घोडा नाही. हे मला आधी कसं सुचलं नाही?
ऑपरेटरला तो तुकडा चार वेळा दाखवायला लावला. नायिकेला पळवून नेत होते, तिच्याकडे कुणी बघेना.
काका म्हणाले, चोरला मेल्यांनी! आणि आमचं भोळं पोर लांडग्यांना शिव्या देतंय.
सुटलो!
मग म्हाताऱ्यांतल्या बेकतुरआजोबांनी विचारलं, पण वर बसलंय कोण? पिठाचं पोतं?
काका म्हणाले, पोत्याचा अपमान करू नका. पोतं सरळ तरी बसतं.
क्लब हसून लोळला. मला फक्त गप्प बसायचं होतं.
मी उठून सांगितलं की तिथे उतार होता, आणि पाय ठेवायची रिकीब आखूड होती.

८ ऑक्टोबर
शिंगरू बेकतुरआजोबांच्या नातीला गेलं. लाल बूट काकांच्या पायात आहेत. मी जुन्या बुटांत, पायी, काशकाला परत आणायला निघालोय.
काकांनी एवढंच बजावलं, येताना त्याच्यावर बसू नकोस. त्याच्या इज्जतीचा प्रश्न आहे.