चाळीस ग्रॅम

२ डिसेंबर

चि. खारूताई,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र काल मिळालं. जावईबापूंना नमस्कार, दोघी नातींना पापे. आम्ही दोघं बरी आहोत. माझा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो आणि चढताना गप्प बसतो. हे उलटं कसं, याचा विचार चालू आहे.

फोन असताना पत्र का, असं म्हणशील. आपला फोन बाहेरच्या खोलीत, आणि मी ‘हॅलो’ म्हटलं की तुझी आई हातातलं काम टाकून शेजारी येऊन बसते. तिच्याबद्दल तिच्याच समोर काय बोलणार? म्हणून हा कागद.

तू लिहिलंस ते तीनदा वाचलं. या सुट्टीत आईने ओव्हन लावायचा नाही, केक बेकरीतून आणायचा, मुलींना तिच्याबरोबर एकटं स्वयंपाकघरात सोडायचं नाही. शिवाय अकरा तारखेला तिला स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे न्यायचं. वेळही तूच घेतलीस. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. मागच्या खेपेला केक मधून शिजेना म्हणून तिने तो परत आत ठेवला, खुर्चीत तिचा डोळा लागला, घरभर धूर झाला आणि धाकटी खोकत बाहेर पळाली, हे मीही पाहिलंय. तू आई आहेस, तुला धास्ती वाटणारच.

पण माझी खोड तुला ठाऊक आहे. एखादी गोष्ट बिघडली की ती का बिघडली हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही. एकोणचाळीस वर्षं वजनकाटे दुरुस्त केले. दुकानदार म्हणायचे, “चालतोय ना, द्या आता.” मी म्हणायचो, “चालतोय, पण का चालतोय ते बघू दे.” जुलैत निवृत्त झालो आणि हे डोकं रिकामं बसलं. गळका नळ झाला, दाराची बिजागरी झाली, आई पंचवीस वर्षं ज्याच्यासाठी मागे लागली होती तो स्वयंपाकघरातला काटाही झाला. आता दुरुस्त करायला काही उरलं नाही म्हणून मी तिच्या केकच्या मागे लागलोय, असं तिचं म्हणणं.

तर हकीकत अशी. जो केक तू बाळ होतीस तेव्हापासून कधी बिघडला नाही, तो सप्टेंबरपासून मध्ये बसायला लागला. कडा काळपट, मध्ये खड्डा, आणि खाली लोण्याचा ओशटपणा. बिस्किटं तर ओव्हनमध्ये पसरून एकमेकांना चिकटतात. सुरीने कापून वेगळी करावी लागतात. सगळं गोडमिट्ट. वय झालं की जिभेला गोड कळत नाही असं तू फोनवर म्हणालीस. असेलही. पण मग ती चहात साखर पूर्वीएवढीच कशी घालते? हा प्रश्न मला पडला, आणि तिथून डोक्यात भुंगा लागला.

माझे संशयित तीन: ओव्हन, मैदा आणि अंडी. तुझ्या आईला मी अजून त्यांच्या रांगेत उभं केलेलं नाही. तिने मात्र स्वतःला केव्हाच उभं केलंय. परवा केकची सगळी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि मला माळ्यावर ठेवायला लावली. मी शिडीवरून उतरल्यावर म्हणाली, “सुटले एकदाची.” चेहरा मात्र सुटल्यासारखा नव्हता.

तुझे,
बाबा

९ डिसेंबर

चि. खारूताई,

आशीर्वाद. तुझी सर्दी कमी झाली का? झाली नसेल तर वाफ घे, आणि घेतली असं खोटं सांगू नकोस.

तपासाचं कळवतो. ओव्हनमध्ये चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी उष्णता मोजली. डावा कोपरा थोडा गरम आहे, पण तो तर घेतल्या दिवसापासून तसाच आहे. आई ताटली अर्ध्यात फिरवते ती त्यासाठीच. ओव्हन सुटला. मैदा दोन दुकानांतून आणला, दोन्हीचा केक सारखाच बसला. मैदा सुटला. अंड्यांसाठी अंडीवाल्याला विचारलं, “तुमच्या कोंबड्या सप्टेंबरात बदलल्या का?” तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, “काका, कोंबड्या त्याच, गिऱ्हाईक तेवढं बदललंय.” अंडीही सुटली.

हे सगळे केक मी माळ्यावरची भांडी परत उतरवून केले, बरं का. तुझी आई दारात उभी राहून हाताची घडी घालून बघत होती. तिच्या केक-बिस्किटांच्या वहीत लिहिलं आहे तसं, ग्रॅमवर ग्रॅम मोजून. माझेही तसेच बसले, तसेच गोडमिट्ट. मी म्हटलं, “बघ, माझंही बिघडतंय.” ती म्हणाली, “तुमचं बिघडणारच हो, तुम्ही कधी केला होता?”

मग रविवारी एक गंमत केली. तिला टेबलाशी बसवलं, म्हटलं, “वही नको, काटा नको. डोळे मीट आणि केकला लागतो तेवढा मैदा या पातेल्यात घे. हाताला वाटेल तेवढाच.” ती म्हणाली, “माझ्या हातावर आता कोण विश्वास ठेवणार?” मी म्हटलं, “खेळ म्हणून घे.” घेतला. मग साखर, मग लोणी. पदर खोचून, डोळे मिटून, ओठ हलवत घेत होती. फार दिवसांनी तिला तशी पाहिली. छान वाटलं.

ती उठल्यावर मी एकेक वजन केलं. वहीत मैदा अडीचशे ग्रॅम, तिच्या हाताने घेतला दोनशे दहा. वहीत साखर दोनशे, तिची एकशे साठ. लोणी वहीत दीडशे, तिचं एकशे दहा. पुन्हा सगळं घ्यायला लावलं. ग्रॅमभर इकडेतिकडे, पण आकडे तेच.

तिने बाहेरून विचारलं, “काय निघालं?” मी म्हटलं, “काही नाही, ठीक आहे.” त्या हाताने घेतलेल्या सामानाचा केक करून बघायला हवा होता. मी ते सगळं परत डब्यांत ओतून टाकलं.

गुरुवारी डॉक्टरांची वेळ आहे. रद्द करावी की काय असं एकदा मनात आलं. मग म्हटलं, तू एवढी खटपट करून वेळ घेतलीस, तपासून घेतलेलं काय वाईट. कोणता शर्ट घालू ते आई ठरवतेच आहे.

आज हात जरा दुखतोय, इथेच थांबतो.

बाबा

१४ डिसेंबर

चि. खारूताई,

डॉक्टरांकडचं तुला आईने फोनवर सांगितलंच आहे: “सगळं चांगलं आहे म्हणाले.” ते खरं आहे. शंभरातून सात सात वजा करत ती सोळापर्यंत आली, घड्याळ काढलं, पाच शब्द लक्षात ठेवले आणि सहावा डॉक्टर स्वतःच विसरले होते तो त्यांना सांगितला. डॉक्टर हसले. म्हणाले, “आजी, तुम्ही मला शिकवाल.”

फोनवर तिने जे सांगितलं नाही ते मी सांगतो. सकाळी निघायच्या आधी ती बेसिनच्या आरशासमोर उभी राहून वार उलटे म्हणत होती. शनिवार, शुक्रवार, गुरुवार. एकदा अडखळली, परत पहिल्यापासून म्हटले. शाळेत तोंडी परीक्षेला जायच्या आधी तू जशी करायचीस तसं. आणि येताना बसमध्ये म्हणाली, “डॉक्टर चांगले आहेत हो. मला वाईट वाटू नये म्हणून बोलले.” डॉक्टरने बरी म्हटलेल्या बाईला आपण बरी आहोत हे पटत नाही, कारण तिच्या डोळ्यांसमोर तो बसलेला केक आहे.

आता जे मागच्या पत्रात लिहिलं नाही ते लिहितो.

तिन्ही वजनांत फरक किती होता ते तू पाहिलंसच असशील. चाळीस, चाळीस, चाळीस. ज्याची आठवण जाते त्याचा हात कधी वीसने चुकतो, कधी सत्तरने. दर वेळी बरोब्बर चाळीसने चुकतो तो काटा असतो, माणूस नव्हे. ही गोष्ट मला झोपेतून उठवून विचारली तरी मी सांगेन. एकोणचाळीस वर्षं हेच केलंय.

आपल्या स्वयंपाकघरातल्या काट्याचं मूळचं पारडं लग्नानंतर वर्षभरातच फुटलं. आईने त्यावर स्टीलचा कटोरा बसवला. तो जरा जड. तेव्हापासून रिकाम्या काट्याची सुई शून्यावर न राहता चाळीसवर राहायची, आणि आई त्यावरच मोजायची. म्हणजे सुई अडीचशे दाखवायची तेव्हा आत मैदा दोनशे दहाच असायचा. वहीतला प्रत्येक आकडा तिने त्या काट्यावर करून, चाखून, खोडून, पुन्हा लिहून बसवला. “सुई सरळ करून द्या हो, जगाचे काटे करता,” असं ती म्हणायची, आणि मी उद्या करतो म्हणायचो.

ऑगस्टमध्ये लग्नाच्या वाढदिवसाला मी ती सरळ करून दिली. मागचा स्क्रू दोन आटे फिरवला, एवढंच. माझी प्रमाण वजनं ठेवून तपासली. म्हटलं, “घे, आता एक ग्रॅम चुकणार नाही.” तिने शेजारणीला बोलावून दाखवली. त्या दिवसापासून तिच्या प्रत्येक केकमध्ये मैदा, साखर, लोणी चाळीस चाळीस ग्रॅम जास्त पडलं, आणि अंडी तेवढीच. बिस्किटांत साखर शंभर लिहिलेली, म्हणजे खरी साठ. ती झाली शंभर. पसरणार नाहीत तर काय होईल?

हे मला रविवारी सात तारखेला, तिसरं वजन केलं त्या क्षणी कळलं. आणि मी सामान डब्यांत ओतलं आणि म्हटलं, काही नाही, ठीक आहे.

डॉक्टरांच्या वेळेपर्यंत चार दिवस मी तोंडातून ब्र काढला नाही. ती वार उलटे म्हणत होती तेव्हा मी बाहेर बूट पुसत होतो, आणि मला सगळं ठाऊक होतं. एक वाक्य बोललो असतो तर ती त्या खुर्चीत बसून अनोळखी माणसाला ‘शंभरातून सात गेले’ सांगत बसली नसती. का बोललो नाही हे मी स्वतःला विचारलं. उत्तर लाजिरवाणं आहे. गावभरचे दुकानदार माझी सही असल्याशिवाय काटा वापरत नसत, आणि माझ्याच घरात मी हे केलं, हे मला तिच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. डॉक्टर बरी म्हणतील आणि गोष्ट तिथेच मिटेल, असं मी स्वतःला समजावलं. मी तिला भ्यायलो नाही, खारू. माझ्या अब्रूला भ्यायलो.

काल मी तिला सहज म्हणून विचारलं, “सप्टेंबरात पहिल्यांदा बिघडला तेव्हा तुला काही वेगळं जाणवलं नव्हतं?” म्हणाली, “जाणवलं ना. साखर घेताना हाताला जास्त लागायची. दोनदा तर काढूनही ठेवली. मग म्हटलं, काटा आता तुम्ही नीट केलाय, तो कसा चुकेल. चुकत असेल तर मीच.” असं म्हणून ती भाजी निवडायला लागली.

माझ्यावर विश्वास ठेवून तिने स्वतःवरचा सोडला. हे ऐकल्यावर मला तिच्यासमोर बसवेना. उठून गॅलरीत गेलो.

तू डॉक्टरांचं नाव काढलंस याचं मनाला लावून घेऊ नकोस. तुला जे दिसलं त्यावरून कुणीही तेच केलं असतं. मीही मनात तिला एकदा रांगेत उभं केलं होतं, मागे ‘नाही’ असं लिहिलं ते खोटं.

तोंडाने सांगायला मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा ‘चहा करतेस का’ विचारून परत आलो. म्हणून असं ठरवलंय. हे पत्र मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडं ठेवतो आणि फिरायला जातो. पाकिटावर तुझा पत्ता लिहिला आहे, तिकीट लावलं आहे. ती वाचेल. पुढे ते तुला पाठवायचं, फाडायचं की माझ्या तोंडावर फेकायचं, हे तिचं तिने ठरवावं. मी तासाभराने येईन.

तुझा आणि तिचाही अपराधी,
बाबा

आताच वाचलं. खाली जाऊन मीच पेटीत टाकते आहे, ते यायच्या आत. मला फार राग आलाय, आणि बरेच दिवस राहील. तू मध्ये पडू नकोस. मुलींना शनिवारीच घेऊन ये, आणि येताना बेकरीतून काही आणू नकोस.

आई