मास्तरांच्या सुटकेसाठी मी केलेले प्रयत्न

३ मार्च, सोमवार
आजपासून नवा कायदा लागू. युद्ध चालू आहे तोवर लोकांचं मनोधैर्य खचेल असं कोणी बोलायचं नाही, लिहायचं नाही, सुचवायचंही नाही. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत, जामीन नाही. ऑफिसात सगळ्यांचे चेहरे उतरले. माझा नाही. पाणीपुरवठा खात्यात एकवीस वर्षं मसुदे लिहितोय, शब्द जपून वापरणं म्हणजे माझ्या हातचा मळ. ‘उद्या पाणी येणार नाही’ ही नोटीस आता लावावी की नाही, ते साहेबांनी मलाच विचारलं. मी ‘उद्या पाणी विश्रांती घेईल’ असं करून दिलं. साहेब खूश.
संकल्प: बोलणं कमी. रोज सकाळी चालायला जाणे. ही रोजनिशी न चुकता लिहिणे.

६ मार्च, गुरुवार
चालायला गेलो नाही. रोजनिशी दोन दिवस राहिली. बोलणं मात्र कमी केलंय. ते कसं कमी केलंय हे हिला जेवताना अर्धा तास समजावून सांगितलं.

९ मार्च, रविवार
मास्तरांच्या दुकानात गेलो. मास्तर म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. शिवणकामात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, पण व्यवहारज्ञान बेताचं. सध्या सैन्याच्या पँटी शिवताहेत. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, कापडाचे गठ्ठे पार पायरीपर्यंत आलेत. माझी ऑफिसची पँट धुऊन आटली आहे, ती सैल करून घ्यायची होती. मास्तरांनी कमरेला टेप लावला आणि हसले. म्हणाले, दादा, तुमचं माप दर वर्षी वाढतंय आणि यांचं दर महिन्याला घटतंय. मागच्या वर्षी कंबर चौतीसची ऑर्डर यायची, आता अठ्ठावीसची येते. पोरं पाठवताहेत हो, दादा, पोरं.
शेवटचं वाक्य हसत म्हणाले नाहीत. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, त्यांतल्या एकाने मान वर केली.
मला पहिलं वाक्य आवडलं नाही. पँट आटली आहे हे मी दोनदा सांगितलं होतं.

१२ मार्च, बुधवार
मास्तरांना पोलिसांनी नेलं. सकाळी अकराला, चालू मशीनवरून उठवून. गळ्यातला टेप काढायलाही वेळ दिला नाही. धाकटी धावत माझ्या ऑफिसात आली. दोन पायांत दोन वेगळ्या चपला. मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, सांगितलं: अगं, दादा आहे ना. किरकोळ गैरसमज असणार. संध्याकाळच्या चहाला मास्तर घरी.
सायं. ७. अजून आलेले नाहीत. उद्या.

१३ मार्च, गुरुवार
पोलीस ठाण्यात गेलो. बाकावर दोन तास बसवलं, पण इन्स्पेक्टर माणूस सज्जन. तक्रार दाखवली. एकच ओळ: ‘सदर इसम युद्धाबद्दल अनुचित बोलला.’ काय बोलला, त्याचा पत्ता नाही. तक्रार करणाऱ्याला नेमके शब्द आठवत नाहीत म्हणे. असा ढिसाळ मजकूर आमच्या खात्यात पास झाला नसता. इन्स्पेक्टरने सहज विचारलं, तुम्हाला माहीत आहे का काय बोलला ते? मी सावध माणूस. तोंडी काही बोललो नाही. सविस्तर लेखी देतो म्हणालो.

१५ मार्च, शनिवार
धाकटीने वकील केला आहे. वकीलबाई. फारच तरुण. त्यांचं म्हणणं, काहीही करू नका. आरोपात शब्दच नाहीत, आणि शब्दच नाहीत तर खटला कशावर चालवणार? तीन आठवड्यांत सोडावं लागेल. फक्त कोणी काही लिहून देऊ नका. ‘कोणी’ म्हणताना माझ्याकडे बघत होत्या. बाहेर आल्यावर धाकटी म्हणाली, दादा, ऐकलंस ना रे? म्हटलं, ऐकलं.
ऐकलं खरं. पण गप्प बसा हा काय सल्ला झाला? त्याला वकिलीची सनद कशाला लागते?

१८ मार्च, मंगळवार
गप्प बसलोय. चौथा दिवस. ही म्हणाली, बरं वाटतंय, घर कसं शांत आहे. टोमणा असावा.
धाकटी एकदा कोठडीत डबा देऊन आली. मास्तरांची दाढी वाढलीय, बाकी ठीक. माझी चौकशी करत होते. माझ्याकडून अपेक्षा आहे हे उघड आहे.

२० मार्च, गुरुवार
रजा टाकून मसुदा केला. चार पानी. पान एक, मास्तरांचा स्वभाव आणि घराणं. पान दोन, त्यांचं वाक्य जसंच्या तसं, अवतरण चिन्हांत, खाली रेघ मारून, म्हणजे कोणाचा गैरसमज नको. पान तीन, वाक्याचा खरा अर्थ. ‘पोरं’ हा शब्द मायेने वापरला आहे, चाळिशीतल्या माणसालाही आपण पोरगा म्हणतोच. कंबर घटणं हे तंदुरुस्तीचं लक्षण. पान चार, विनंती. माझ्या मापाबद्दलचं वाक्य अप्रस्तुत म्हणून गाळलं. मजकूर आटोपशीर हवा.
हिला वाचून दाखवला. ती म्हणाली, अहो, वकीलबाई नको म्हणाल्या होत्या ना? म्हटलं, त्यांना मसुद्यातलं काय कळतं! ती म्हणाली, निदान धाकटीला तरी विचारा. सुटका झाल्यावर सांगेन. तिचा चेहरा बघायचाय मला.

२१ मार्च, शुक्रवार
अर्ज दिला. इन्स्पेक्टरने उभ्या उभ्या वाचायला घेतला, दुसऱ्या पानावर खुर्चीत बसले. रेघ मारलेलं वाक्य दोनदा मोठ्याने वाचलं. आतल्या खोलीतून आणखी एका साहेबांना बोलावून त्यांनाही दाखवलं. चहा मागवला. प्रत्येक पानावर सही घेतली. म्हणाले, इतका स्वच्छ मजकूर या ठाण्यात आजवर आला नव्हता. निघताना हात मिळवला.
फार दिवसांनी गाढ झोप लागेल आज.

२४ मार्च, सोमवार
वकीलबाईंचा फोन.  म्हणाल्या, आरोपपत्र दाखल झालं. आता शब्द आहेत. तुमचे आहेत, सहीनिशी आहेत, रेघ मारून आहेत. मी म्हटलं, पण पान तीनवर सगळा खुलासा आहे! त्या म्हणाल्या, पान तीन जोडलेलं नाही, फक्त दोन जोडलंय.
हे गैर आहे. चार पानांचा अर्ज हा एक अर्ज असतो.
मी सरकारी साक्षीदार क्रमांक एक. क्रमांक दोन कोणी नाही.

२६ मार्च, बुधवार
धाकटीकडे गेलो. दुकान चालू आहे. माणूस नेला, पण ऑर्डर रद्द केली नाही. महिनाअखेर माल द्यायचा आहे, म्हणून तीच मशीनवर बसते. मी उभ्यानेच सगळं समजावलं. अर्जामागचा विचार, इन्स्पेक्टरचा विश्वासघात, पान तीन. ती शिवतच होती. शेवटी दातांनी दोरा तोडला आणि विचारलं, दादा, तुला लिहू नको म्हटलं होतं ना? मी म्हटलं, हो, पण परिस्थिती अशी होती की. तिने पुढचं ऐकलं नाही. म्हणाली, जरा दिवा लाव, दिसत नाहीये.
दिवा लावला. तिने पुढची पँट मशीनखाली घेतली. मी थोडा वेळ थांबून आलो.

२ एप्रिल, बुधवार
अर्ज मागे घेण्यासाठी अर्ज केला. एक पानी. ठाण्यातला कारकून म्हणाला, पुरावा परत मिळत नाही. मी कारकुनाला कारकुनासारखं समजावलं. त्याने नियम दाखवला. नियम चांगला लिहिलेला आहे, कुठे फट नाही. वर हेही सांगितलं की ते वाक्य लिहिणं हाही गुन्हाच, मी साक्षीदार आहे म्हणून वाचलोय. साक्ष फिरवली तर साक्षीदार राहणार नाही. मग काय राहीन, ते त्याने सांगितलं नाही.
घरी येऊन ९ मार्चच्या नोंदीवर काळी शाई फिरवली. उजेडात धरलं तर दिसतं.

८ एप्रिल, मंगळवार
वकीलबाईंकडे बैठक. मार्ग आहे! त्यांचं म्हणणं, थट्टेत बोललेलं वाक्य या कायद्यात बसत नाही, न्यायाधीश ते मानतात. मास्तरांनी त्यांना सांगितलंय की बोलणं माझ्या कमरेवरून सुरू झालं होतं, माप घेताना, हसत. म्हणाल्या, कोर्टात मी एकच प्रश्न विचारीन, तुम्ही ‘हो’ म्हणायचं. बस.
धाकटी बाजूला बसली होती. गेल्या दोन आठवड्यांत पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाली, दादा, एवढं करशील ना?
म्हटलं, हे काय विचारणं झालं!
आरशासमोर सराव केला. ‘हो. माझ्या कमरेवरून.’ सहा वेळा. आवाज खणखणीत येतो.

२४ एप्रिल, गुरुवार
कोर्ट.
खोली लहान, पंखा एकच, तोही न्यायाधीशांच्या डोक्यावर. आमचं ऑफिस निम्मं आलं होतं, साहेबही. साहेबांनी मला पाहून मान हलवली नाही. मास्तर पिंजऱ्यात. गळ्यात टेप नसल्याने कोणी दुसरेच वाटत होते.
सरकारी वकिलाने पान दोन वाचलं. ही सही तुमची? हो. हा मजकूर खरा? हो. मग वकीलबाई उठल्या. विचारलं, हे बोलणं तुमच्या कमरेच्या मापावरून, थट्टेत सुरू झालं, हे खरं ना?
मी तोंड उघडलं. तेवढ्यात सरकारी वकील बसल्या जागेवरून म्हणाले, साक्षीदाराने विचार करून उत्तर द्यावं. चार पानांत साक्षीदाराच्या कमरेचा उल्लेख कुठेही नाही. तो होता म्हटलं, तर अर्ज अपुरा, म्हणजे खोटा. खोट्या लेखी निवेदनाला वेगळं कलम आहे.
मी साहेबांकडे बघितलं. ते छताकडे बघत होते. मास्तरांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते आणि किंचित हसले. सांगा की दादा, असं.
मी म्हणालो, माझ्या कमरेचा विषय निघाला नव्हता.
वकीलबाईंनी पुन्हा विचारलं. मी म्हणालो, पँट आटली होती. न्यायाधीश म्हणाले, हे लिहून घेऊ नका.

२५ एप्रिल, शुक्रवार
शांतपणे विचार केला. स्वतःच्या सहीचा कागद भर कोर्टात खोटा म्हणणं हे एकवीस वर्षांच्या नोकरीला शोभलं नसतं. शिवाय मी आत गेलो असतो तर मास्तरांसाठी धावपळ कोणी केली असती? शिवाय घसा कोरडा पडला होता. तिथे पाणी ठेवलेलं नव्हतं, याबद्दल तक्रार करायला हवी.
ही जेवण वाढून आत गेली.

२९ एप्रिल, मंगळवार
ऑफिसात माझं टेबल खिडकीजवळून हलवून दाराजवळ ठेवलंय. साहेब म्हणाले, तिथे हवा जास्त येते. माझ्याशी कोणी बोलत नाही. आधी वाटलं चिडलेत. मग लक्षात आलं, घाबरतात. मी येताच बोलता बोलता गप्प होतात. मी काय त्यांची वाक्यं लिहून घेणार आहे?

६ मे, मंगळवार
निकाल. अठरा महिने सक्तमजुरी. निकालपत्रात म्हटलंय की पुरावा ‘असामान्य स्पष्टतेचा’ आहे. मास्तरांनी दोन शब्द बोलायची परवानगी मागितली. न्यायाधीश म्हणाले, बोलण्याबद्दलच शिक्षा झाली आहे, आणखी नको. कोणीतरी हसलं. धाकटी बाकावरून उठली, पदर खोचला आणि कोणाशी न बोलता चालू लागली. मी मागे गेलो. रस्ता ओलांडताना हात धरायला गेलो तर तिने पिशवी त्या हातात घेतली.
अपील करावं का? वकीलबाई म्हणाल्या, ते मी बघते. तुम्ही आता खरंच काही करू नका. रागावून नाही म्हणाल्या. रागावल्या असत्या तर काही सुचलं असतं.

१५ मे, गुरुवार
लिहिण्यासारखं काही नाही.

१ जून, रविवार
तुरुंगात पहिली भेट. दहा मिनिटं. धाकटी मला नेणार नव्हती, मास्तरांनीच निरोप पाठवला की दादांनाही आण. मी बोलायचे आठ मुद्दे कागदावर काढले होते. दारातल्या शिपायाने कागद घेतला आणि नियमांचा तक्ता समोर धरून एकेक खोडत गेला. युद्ध नाही, खटला नाही, कायदा नाही, तुरुंगातलं काम नाही, तब्येत नाही. आठवा मुद्दा ‘माफी’ असा होता. हे कशाबद्दल, म्हणाला. मी सांगितलं नाही. त्याने तोही खोडला.
जाळीपलीकडे मास्तर. वाळलेत. धाकटीने विचारलं, कसे आहात? शिपाई म्हणाला, तब्येत नाही. मग ती नुसती बघत राहिली. मास्तरही. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होतो.
मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, दादा, तुम्ही तरी बोला काहीतरी. जेवण नीट होतंय ना?
जेवणाबद्दल चालतं का म्हणून मी शिपायाकडे बघितलं. त्याने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. मास्तर जाळीला कपाळ टेकून थांबले होते. मी गप्प राहिलो.