खुराड्यातली घरघर

मंगळवार, दिवेलागण. कल्याण.

परवा शीळ रोडला ब्रॉयलरच्या टेम्पोतून पडलेली पांढरी कोंबडी उचलून आणली. सुनंदा म्हणाली, "अहो, निदान आठवडाभर तिला वेगळी ठेवा." मी हसलो. "अगं, आमच्या आईची रीत आहे. नवी कोंबडी अंधार पडल्यावर खुराड्यात सोडायची. सकाळी बाकीच्यांना वाटतं, ही आपलीच." झालंही तसंच. एकीनेही चोच मारली नाही. मी केवढा खूश!

पण आईच्या कोंबड्या शेजारच्या अंगणातून यायच्या, टेम्पोतून नाही. हे परवा का नाही सुचलं मला?

आज दाणे टाकताना पांढरीच्या श्वासात बारीक घरघर ऐकली. लगेच उचलून तिला मोरीत टोपलीखाली ठेवली. सुनंदाला काही ऐकू येईना. "तुमचे कान म्हणजे ना! गिरणीचा पट्टा सैल झालेला घरात बसून कळतो तुम्हाला." खरंय, या कानांवरच गिरणी उभी केली मी. आज पहिल्यांदा वाटतंय, ते खोटे ठरावेत.

सकाळी डॉक्टरांकडे नेणार. पण बाकीच्या? दोन रात्री एकाच दांडीवर अंगाला अंग लावून बसल्यात सगळ्या. सुनंदाची लाडकी तांबडी तर पांढरीला अगदी चिकटून.

आत्ताच खुराड्याला कान लावून आलो. पांढरी मोरीत आहे. तरी आतून घरघर आली. तांबडीच्या कोपऱ्यातून.

सुनंदा भाकऱ्या थापता थापता विचारतेय, "माझी तांबडी झोपली का हो?"

"झोपली," म्हणालो.