समुद्रघोडा आणि माझे कान

१२ मार्च, गुरुवार. दुपार.
समुद्रघोड्याची आजवरची खरी किंमत: चारशे किलोमीटर, एक पंक्चर आणि डायव्हिंगच्या फॉर्मवर ‘सर्दी आहे का?’ पुढे लिहिलेलं एक ‘नाही’. सर्दी आहे. पण किरकोळ.

लेक समुद्रातल्या जिवांवर अभ्यास करते. तीन वर्षं शोधतेय, समुद्रघोडा काही दिसलेला नाही. बापाने फोटो पाठवला की रविवारचा दोन मिनिटांचा फोन आपोआप लांबेल. गेले तीन रविवार तोही नाही. कामात असते.

शेजारच्या सीटवर बॅग ठेवली, तर गाडी बेल्टसाठी केकाटायला लागली. बॅगेला बेल्ट लावला. आता दोघंही शिस्तीत.

१३ मार्च.
पोहोचलो. डायव्हिंग शिकवणारी पोरगी लेकीच्याच वयाची. उतरल्या उतरल्या तिला सांगितलं, सिलिंडर भरायच्या मशीनचं बेअरिंग जातंय. उघडलं, तर खरंच! तीस वर्षं पंप दुरुस्त केले ते या कानांच्या जिवावर. गुडघे जातील, डोळे जातील. कान दगा द्यायचे नाहीत.

म्हणाली, ‘काका, खाली कान दुखले तर लगेच खूण करा. हिरोगिरी नको.’ माझ्या कानांना सांगतेय!

लेकीला मेसेज: ‘रविवारी फोन कर. गंमत दाखवतो.’ वाचलाय. उत्तर नाही, पण वाचलाय.

१४ मार्च.
दोन मीटर: कानात खिळा. खूण केली नाही. नाक दाबून जोर लावला.
चार मीटर: खिळ्याचा स्क्रू झाला. पोरीने काचेतून माझे डोळे बघितले आणि दंडाला धरून वर आणलं.
‘काका, सर्दी होती ना?’
थोडीशी, म्हटलं.
‘माझे बाबा असेच. विचारलं तरी सांगायचं नाही.’

समुद्रघोडा: नाही. मागून उतरलेल्या जोडप्याला दिसला म्हणे. काडीबिडी असेल.

१५ मार्च, रविवार.
डॉक्टरने कागदावर लिहून दिलं: महिनाभर पाणी बंद. बोलायला काय झालं होतं त्याला? घुम्या दिसतो.

आज समुद्र कमालीचा शांत. खिडकीखालीच लाटा फुटतायत, पण आवाज म्हणून नाही.

सकाळपासून खोलीत. फोन उशाशी, आवाज फुल्ल, स्क्रीन खाली. सारखं बघत बसलं की वाजत नाही, हा अनुभव आहे. लेकीला काय सांगायचं ते पाठ केलंय. फोटो नसला तरी बेअरिंगची गोष्ट आहे.

दुपार गेली. नसेल वेळ. तिचा दोष नाही.

संध्याकाळी ६.
किती वाजले बघायला फोन उलटा केला.
लेकीचे मिस्ड कॉल: चार.