दुधावरची इरम्मा

सास्तूर, ता. ८ नोव्हेंबर १९४३

ती. अण्णा यांस शरणार्थ वि. वि.

इकडं सर्व खुशाल. तुम्ही हैदराबादेत डॉक्टरी करता आणि बहिणीला दोन ओळी धाडायची फुरसत न्हाय, हे काही बरं नव्हे. भाची मामाला विसरली तर मला बोल लावू नका.

इरम्माला दोन वर्षं झाली. लई गोंडस दिसते, आणि रंग असा उजळलाय की बाया मुद्दाम बघायला येतात. हे सगळं सासूबाईंचं. दुष्काळात गोठा मोकळा झाला तेव्हा त्यांचं पहिलं लेकरू दुधावाचून गेलं. तेव्हापासून या घरातलं लेकरू दुधाला मुकणार न्हाय, असा त्यांचा पण. म्हशीचं दूध दिवसभर तांब्या तांब्यानं चालू असतं. पोर भाकरीला तोंड लावीत न्हाय, तर त्या म्हणतात, दुधावर वाढणाऱ्याला भाकरी कशाला. एवढंच की बरोबरीची लेकरं खेळतात तेव्हा ही भिंतीला टेकून बसते आणि पोपड्यांची माती चाटते. शहाणी आहे, दमवत न्हाय.

बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
शिवगंगा

हैदराबाद, ता. १७ नोव्हेंबर १९४३

चि. शिवगंगेस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग भिंतीच्या मातीपाशी थांबलो. इरम्माची खालची पापणी ओढून आत बघ. लाल दिसायला हवं. पांढरट असलं तर रंग उजळलेला नाही, रक्तातलं लोह उतरलं आहे. खात्यापित्या घरच्या लेकरांचंही असं होतं. दुधानं अंग भरतं, पण दुधात लोह नसल्यासारखंच, आणि पोट दुधानं भरलं की दुसऱ्या अन्नाला जागा उरत नाही. दूध दोन वाट्यांवर आण. हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं, बाजरीची भाकरी, मेथी दे, वर लिंबू पीळ. उमरग्याला येणाऱ्या मोटारीबरोबर औषध धाडतो, पण ताट बदललं नाही तर पुन्हा तेच. असंच चाललं तर पोरीची वाढ खुंटेल, साधा तापही तिला झेपणार नाही.

तुझ्या सासूबाईंना, पार्वतम्मांना हे कसं सांगायचं, मला सुचत नाही. दुधावाचून जिचं लेकरू गेलं, तिच्याच हातातला तांब्या काढून घ्यायचा आहे. तू भांडू नकोस.

तुझी काळजी वाहणारा,
महांतप्पा

सास्तूर, ता. २ जानेवारी १९४४

ती. अण्णा यांस शरणार्थ वि. वि.

तुमचं पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी इरम्माची पापणी ओढून पाहिली, शेजारच्या धुरपदाबाईच्या लेकीची पाहिली. एक पांढरट, एक लाल. मग भरला तांब्या उचलून आत नेऊन ठेवला.

पोरीनं रडून घर डोक्यावर घेतलं. मी तर विरघळलेच असते. सासूबाई तिला मांडीवर घेऊन बसल्या, आणि लेकराला हवं तेवढं देत न्हाय ते मला कशाला, म्हणून स्वतःचंही दूध सोडलं. गूळ घातलेलं माडगं आधी आपण पीत, मग तिच्या ओठाला लावीत. ती थुंकली की पदरानं पुसून पुन्हा. एका सकाळी पोरीनंच वाटी ओढून घेतली. अण्णा, तुम्ही डॉक्टर खरे, तुमचं औषधही चालू आहे, पण असली बाई मी दुसरी पाहिली न्हाय.

वीरभद्राच्या देवळात कुणी म्हणालं, पोर काळवंडली. सासूबाईंनी तिथंच तिची पापणी ओढून लाल दाखवलं. आता गल्लीतलं एकही लेकरू त्यांच्या बोटातून सुटत न्हाय.

काल इरम्मा वासरामागं अंगणभर पळाली. तिला धरता धरता सासूबाई धापा टाकत ओट्यावर बसल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, तुझ्या अण्णाला लिही, दुधावर होती तेच बरं होतं, एका जागी बसायची तरी.

लिही म्हणाल्या म्हणून लिहिलं. भाचीला बघायला या, तेवढ्यानं तुमचा लोभ आम्हाला पोचेल.

तुमची,
शिवगंगा